बरं हे लक्षण नव्हे

माझा भाऊ गेला तो सोमवार होता. दुपारी तो परळहून दादरला चालत गेला आणि रस्त्यात गोळी लागून पडला. त्याच्याजवळ पिशवी होती. ती घरी आली नाही. त्याला दादरच्या वाचनालयात मी पाठवलं होतं आणि हे माझ्याशिवाय घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

ती संयुक्त महाराष्ट्राची वर्षं होती. मी शाळेत शिक्षिका होते, भाऊ कॉलेजात होता. मी एक दोन भागांची कादंबरी वाचत होते. पहिला भाग आदल्या दिवशी संपला होता आणि मला धीर नव्हता. "दुसरा भाग आलाय का बघ रे," एवढंच मी म्हटलं. तो चपला घालताना आईला "आत्ता येतो" म्हणाला. त्याचा शेवटचा शब्द तो.

भावाबद्दल मला अजून नीट लिहिता येत नाही. त्या दिवसांत ज्या एका माणसापाशी मी उभी राहू शकले, त्यांच्याबद्दल लिहिता येईल असं वाटतं.

ते आमच्या गल्लीतल्या दवाखान्यात कंपाउंडर होते. डॉक्टर आतल्या खोलीत बसत. बाहेर लाकडी पार्टिशन, त्याला चौकोनी खिडकी आणि खिडकीमागे हे. तेव्हा औषधाची बाटली आपण घरून न्यायची. कंपाउंडर तीत मिक्स्चर भरत आणि बाहेरून कागदाची एक पट्टी चिकटवत. पट्टीच्या कडेला कात्रीने खाचा पाडलेल्या असत. एक खाच, एक डोस. ह्यांच्या खाचा इतक्या सारख्या असत, की गल्लीतल्या बायका संपलेल्या बाटल्यांवरच्या पट्ट्यासुद्धा काढत नसत.

उंच, वाकलेले, काळी टोपी, दाढेखाली कायम एक लवंग. काचेचं माप डोळ्यांसमोर धरायचे, डावा डोळा मिटायचे आणि तेवढा वेळ श्वास रोखायचे. आम्ही रांगेतली माणसंही नकळत श्वास रोखत असू.

पण गल्ली त्यांना ओळखायची ती पाटीमुळे. खिडकीच्या शेजारी खिळ्याला शाळकरी दगडी पाटी टांगलेली असे. दवाखाना उघडला की ते आधी हात धुवत, मग पाटीवर त्या दिवशीचं स्वतःचं मन लिहीत. 'आज राग. थोडा.' 'आज उदास, कारण माहीत नाही.' एकदा 'आज मत्सर' असंही लिहिलेलं मी वाचलं आहे. त्यांच्या धाकट्या भावाला गिरगावात दोन खोल्यांची जागा मिळाली होती.

लोक हसत. गिरणीतून सुटलेले कामगार मुद्दाम डोकावून जात. एक मालवणी म्हातारी दर खेपेला विचारायची, "कंपाउंडरानु, आज काय लिवलास? माका वाचूक येणा नाय."

"आज राग आहे, आजी."

"कोणावर?"

"घरमालकावर."

"मग माझा औषध नीट घाल हां. घरमालकाचा माका नको."

"म्हणून तर लिहितो," ते म्हणत. "आज दोनदा मोजणार. बसा."

राग असेल त्या दिवशी ते खलाचं काम आधी काढत. चूर्णं कुटायची असत, ती ते राग ओसरेपर्यंत कुटत आणि मगच काचेच्या मापाला हात लावत. उदास असले की बाटल्या धूत. भीती असली की पट्ट्या कापत बसत. खाच पाडताना हात थरथरतो की नाही ते लगेच दिसतं, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टर त्यांची चेष्टा करत. "माझ्याकडे निदान मिळतं," ते रोग्यांना सांगत, "पंचांग बाहेरच्या खिडकीत."

एका शब्दाचं मात्र त्यांना वावडं होतं. "कसं काय?" ह्याला कुणी "बरं आहे" म्हटलं की ते हातातलं काम थांबवत. "बरं हे लक्षण नव्हे," ते म्हणत. "बरं म्हणजे काय? झोप लागते? घास उतरतो? कुणाचं तोंड पाहावंसं वाटत नाही? काय ते सांगा." ताप मोजायला आलेली माणसं ह्या प्रश्नांनी वैतागत. मुलीचं लग्न मोडलेल्या एका बाईंना त्यांनी भर रांगेत विचारलं होतं, "दुःख जास्त की लाज जास्त?" त्या बाई पुन्हा कधी आल्या नाहीत, लांबच्या दवाखान्यात जाऊ लागल्या. त्यांचं सगळंच मला पटत असे असं नाही. कुठे विचारावं आणि कुठे गप्प बसावं, हे त्यांना कळत नसे. आणि कुणी खरोखर रडू लागलं की त्यांची तारांबळ उडे. पाठ फिरवून ते आधीच पुसलेल्या बाटल्या पुसू लागत.

त्या सोमवारी पाटीवर 'भीती' असं लिहिलेलं होतं. अश्रुधुराने डोळे सुजलेली पोरं दवाखान्यात येत होती. त्यातल्या एकाने पाटी वाचली आणि तो म्हणाला, "भीती? आणि लिहून लावता? लाज नाही वाटत?"

"वाटते," ते म्हणाले. "तीही लिहू? डोळे वर कर."

हे मला नंतर कळलं. त्या वेळी आम्ही तिघं, आई, बाबा आणि मी, हॉस्पिटलच्या ओट्यावर बसलो होतो.

भाऊ कधी मोर्चात गेला नव्हता. पण मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून तो आमचा उरला नाही. चाळीतल्या मंडळींनी अंगणात सभा घेतली. त्याच्या कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणला, हार घातला. त्याला हुतात्मा म्हणाले. बाबा फोर्टातल्या एका कचेरीत कारकून होते. चारचौघांत त्यांचा आवाज कधी निघाला नव्हता. त्या सभेत ते उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या मुलाने स्वतःहून हे व्रत घेतलं." त्यांची मान ताठ होती. त्या एका वाक्याच्या आधाराने ते उभे आहेत, हे मला दिसत होतं. ते वाक्य खोटं आहे, हेही मला एकटीलाच ठाऊक होतं.

आई सभेला आली नाही. ती रडलीही नाही. ती त्याच्यावर रागावली होती. "आत्ता येतो म्हणाला," ती भिंतीकडे बघून म्हणायची. "मोर्चाला जातो म्हणाला असता तर मी काय अडवलं असतं? मला फसवून गेला." तिने त्याचं ताट उचलून माळ्यावर टाकलं. त्याचे कपडे बोचक्यात बांधले. त्याचं नाव घेईना. देवापुढे दिवा लावीना. तिचं डोकं दुखायचं, आणि त्या दुखण्यासाठी मी बाटली घेऊन खिडकीपाशी जायची.

सांगितलं तर आईचा राग उतरणार होता आणि बाबांची मान खाली जाणार होती. आणि माझं काय होणार होतं, ते मी मनात आणत नव्हते. मी शाळेत जात होते, वह्या तपासत होते. सगळे म्हणत, मुलगी खंबीर आहे.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला कंपाउंडरांनी बाटली घेतली आणि विचारलं, "आईंचं डोकं. आणि तुमचं काय, बाई?"

"बरं आहे," मी म्हटलं.

त्यांनी बाटली खाली ठेवली. ते नेहमीचं वाक्य बोलतील असं मला वाटलं. ते बोलले नाहीत. माझ्या मागे कुणी नाही हे त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "बसा जरा. एक सांगतो. पाटी का टांगली, ते."

त्यांची बायको बाळंतपणात गेली होती, फार वर्षांपूर्वी. बाळही राहिलं नाही. चौथ्या दिवशी ते कामावर आले. डॉक्टरांनी विचारलं, "ठीक आहात ना? नाहीतर घरी जा." ते म्हणाले, "बरं आहे."

"आणि खरंच बरं होतं, बाई. हात स्थिर होता. मनात काहीच नव्हतं, धुतलेल्या बाटलीसारखं. त्या दिवशी एका पाच वर्षांच्या मुलीच्या बाटलीत मी मोठ्या माणसाचं मिक्स्चर भरलं. झोपेचं औषध होतं त्यात. पट्टी नीट कापली, खाचा सारख्या. ती मुलगी दोन दिवस झोपली. दोन दिवस मी तिच्या खाटेशी बसून होतो. उठली, म्हणून मी तुमच्यासमोर उभा आहे. तिच्या बापाने मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं."

स्वतःबद्दल 'बरं' हा शब्द त्यांच्या तोंडून मी त्या दिवशीच काय तो ऐकला.

"दुःखाने माप चुकत नाही," ते म्हणाले. "दुःख नाही असं म्हटलं की चुकतं. आता सांगा. कुठे आहे?"

"काय कुठे?"

"जे काय आहे ते. डोक्यात, छातीत, पोटात?"

मी म्हटलं, "घशात."

"गिळवत नाही?"

"गिळवतं. बोलवत नाही."

मग मी त्यांना सांगितलं. पुस्तक, दुसरा भाग, पिशवी. आईला काय वाटतं आणि बाबा सभेत काय बोलले. माझं बोलणं संपेपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाठ केली होती आणि ते एक कोरडी बाटली पुसत होते. मी रडत होते म्हणून.

"हे मी घरी कसं सांगू?" मी विचारलं. "सांगून बाबांचं काय होईल?"

"ते मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "मी औषध देतो, भविष्य नाही सांगत." मग म्हणाले, "आजवर तुम्ही दोनच गोष्टी धरून बसलात. एक, बाटली फडताळात ठेवायची आणि झाकणाला हात लावायचा नाही. दोन, कधीतरी एकदम सगळी पिऊन टाकायची. ह्या दोन्हींनी माणूस मरतो. मधे पट्टी असते."

त्यांनी एक स्वच्छ बाटली घेतली. तीत पाणी आणि बडीशेपेचा अर्क घातला. मग कात्री घेऊन, माझ्यासमोर, पट्टीला आठ खाचा पाडल्या.

"आठ दिवस. रोज संध्याकाळी आईंजवळ बसायचं, एक डोस घ्यायचा, एक वाक्य बोलायचं. एकच. दुसरं आलं तरी आवरायचं. आणि आधी हलवून घ्यायचं. खाली बसलेलं वर आलं पाहिजे."

"आणि ह्याने गुण येईल?"

"बडीशेपेने? अपचन जाईल."

मला हसू आलं. त्या सोमवारनंतरचं ते पहिलं हसू, आणि त्याची मला शरम वाटली. त्यांनी ते पाहिलं. "दोन्ही एका वेळी असतं," ते म्हणाले. "घाबरू नका."

पहिल्या संध्याकाळी मी आईशेजारी बसले. ती तांदूळ निवडत होती. मी डोस घेतला आणि म्हटलं, "आई, मला त्याची आठवण येते." तिने मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "तो मोर्चाला गेला नव्हता." तिचा हात थांबला. "मग?" ती म्हणाली. मी बोलले नाही. माझ्या पट्टीवर त्या दिवसाचं वाक्य संपलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्या नियमामागे मी लपलेही होते. तिसऱ्या दिवशी मी सांगितलं, "तो वाचनालयात गेला होता." आई म्हणाली, "त्याला कुठे वाचायची आवड होती?"

त्यानंतर मला आठ दिवस थांबता आलं नाही. चौथ्या संध्याकाळी मी म्हटलं, "माझं पुस्तक बदलायला. मी पाठवलं."

सूप तिच्या मांडीवरून कलंडलं. तांदूळ फरशीभर झाले. ती म्हणाली, "म्हणजे तो मला फसवून गेला नव्हता."

आणि ती रडली. त्या आवाजाने शेजारच्या दोन खोल्यांतली माणसं दारात आली. मी तिला धरायला गेले तर तिने माझा हात झटकला. "लहानपणापासून पळवत आलीस तू त्याला," ती म्हणाली. "पाणी आण, पेन्सिल आण, पुस्तक आण. आणि तो मेला पळायचा."

त्या रात्री तिने माळ्यावरून त्याचं ताट काढलं, घासलं आणि जागेवर ठेवलं. माझ्याशी मात्र ती बोलेनाशी झाली. माझं पान वाढायची, माझ्याकडे न बघता. पाचव्या दिवसापासून मी तिच्या शेजारी बसून डोस घ्यायची आणि वाक्य न बोलता उठायची.

मी खिडकीशी जाऊन हे सांगितलं.

"रागावल्यात?" कंपाउंडरांनी विचारलं.

"हो."

"तुमच्यावर?"

"हो."

"मग ठीक चाललंय. इतके दिवस राग चुकीच्या पत्त्यावर जात होता. तिथे उघडून वाचणारं कुणी नव्हतं. आता तुम्ही आहात."

"मला सोसत नाही."

"नसेलच सोसत," ते म्हणाले आणि बाटल्यांकडे वळले.

बाबांना आईनेच सांगितलं. मी दाराबाहेर उभी होते. दोन दिवसांनी कचेरीतून आल्यावर टोपी खुंटीला अडकवताना बाबा मला म्हणाले, "सभेत मी जे बोललो, त्याचं आता काय करायचं?" दुसऱ्या दिवशी ते स्वतः दवाखान्यात गेले. तिथे काय बोलणं झालं ते मला बाबांकडून थोडंच कळलं. कंपाउंडर म्हणाले होते, "तो चळवळीसाठी घरातून निघाला नाही. पण चळवळीतच गेला. एक सभेत सांगा, एक घरात सांगा. खोटं दोन्हींत नाही. पण अदलाबदल करू नका." बाबांनी फोटो उतरवला नाही. मात्र घरात 'हुतात्मा' हा मोठा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. घरात ते त्याला नावाने हाक मारावी तसं त्याच्याबद्दल बोलत. आणि एकदा जेवताना मध्येच त्यांनी मला विचारलं, "कुठली कादंबरी होती ती?" मी सांगितली. "चांगली आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "पहिला भाग चांगला आहे."

आईचा अबोला तीन आठवडे चालला. मग एका सकाळी, मी शाळेला निघताना, तिने स्वयंपाकघरातून सांगितलं, "दवाखान्यावरून जाशील तर कंपाउंडरांना सांग, डोकं थांबलंय. आणि म्हणावं, राग अर्ध्यावर आलाय." मी दारात उभी राहिले. "अशी बघतेस काय? शाळेला उशीर होईल," ती म्हणाली.

मी निरोप दिला. त्यांनी डावा डोळा मिटला, जणू माझ्या आईचा राग काचेच्या मापात धरून बघत होते. "अर्धा राहू दे," ते म्हणाले. "सगळा संपावा अशी घाई करू नका."

पुढे मी धीर करून वाचनालयात गेले. तिथल्या कारकुनाने वही काढली. त्या सोमवारच्या पानावर पहिला भाग परत आल्याची नोंद होती आणि दुसरा भाग नेल्याची. समोर भावाची सही होती, घाईत केलेली. तो माझं काम करून घरी येत होता. हे मी त्या दिवशी आईला सांगितलं, एका वाक्यात. तिने मान हलवली.

राज्य झालं त्या दिवशी आमच्या गल्लीत तोरणं होती, दारोदार रांगोळ्या होत्या. चाळीतल्या मंडळींनी भावाच्या फोटोला नवा हार घातला आणि आईला पुढे बोलावून पेढा दिला. ह्या वेळी ती गेली. तिने पेढा घेतला, फोटोकडे पाहिलं, आणि अंगणातून थेट दवाखान्यात गेली. मी तिच्या मागोमाग गेले. पाटीवर लिहिलं होतं, 'आज आनंद. म्हणून दोनदा मोजणार.' आईला वाचता येत होतं. तिने ते वाचलं, पदराआडून अर्धा पेढा खिडकीत ठेवला आणि म्हणाली, "एवढंच लिहिलंत?"

कंपाउंडरांनी खडू घेतला आणि आनंदाच्या खाली, त्याच अक्षरात, 'दुःख' असं लिहिलं.

"आता बरोबर आहे," आई म्हणाली.

काही वर्षांनी कंपाउंडर करी रोडच्या त्यांच्या खोलीत वारले. आजार मोठा नव्हता. शेवटच्या दिवसांत मी भेटायला गेले तेव्हा, इतकी वर्षं त्यांनी मला जे विचारलं ते मी त्यांना विचारलं, "कुठे आहे?" त्यांनी विचार केला. "कुठेच नाही," ते म्हणाले. मग, मला ते पटलं नाही हे पाहून, छातीवर हात ठेवला. "इथे. भीती. थोडी." मी त्यांच्याजवळ बसून राहिले. मला पाठ फिरवून पुसायला बाटल्या नव्हत्या.

आई गेली, बाबा गेले. दवाखान्याची इमारत पाडली. पाटी कुठे गेली ते मला ठाऊक नाही. दुसरा भाग मी वाचलेला नाही. बाटली माझ्या कपाटात आहे. पट्टी पिवळी पडून एका कडेने सुटली आहे. खाचा आठ आहेत.